नवे रेसिडेंट आणि ओटीची यादी
नवे रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) आले की ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या दिवसभराच्या शस्त्रक्रियांची यादी रेंगाळते, असं म्हणतात ते खरंच आहे. पण वेळ नेमका कुठे जातो? माझ्या मते बराचसा चीर देण्याआधीच. स्पायनलची (कमरेखालचा भाग बधिर करण्यासाठी पाठीत द्यायच्या इंजेक्शनची) सुई दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घालावी लागते, पेशंटची पोझिशन परत नीट करावी लागते, ड्रेपिंग करताना (पेशंटवर निर्जंतुक कापडं अंथरताना) हात कुठेतरी लागतो की झालं, पुन्हा गाऊन-ग्लोव्हज.

शिवताना तर नवख्याने सुई होल्डरमध्ये (सुई धरायच्या चिमट्यात) पार शेपटाशी, म्हणजे दोरा जोडलेल्या टोकाशी, धरलेली असते. तिथे ती वाकते. सिस्टर काही न बोलता नीट लावून हातात देते. ही मिनिटं मी वाया गेली असं मुळीच म्हणणार नाही, तिथेच तर हात तयार होतो.

राग येतो तो वेळापत्रकाचा. अमेरिकेत जुलैत, ब्रिटनमध्ये ऑगस्टमध्ये नवी तुकडी रुजू होते हे आधीपासून ठाऊक असतं, मग त्या आठवड्यांत यादी भरगच्च कशाला लावायची? एक केस कमी घ्या. आणि जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची १९ मुद्द्यांची सुरक्षित शस्त्रक्रियेची चेकलिस्ट मोठ्याने वाचायचं काम नवख्याकडेच द्या. टीममधल्या प्रत्येकाचं नाव आणि काम त्याला तिथेच कळतं, मग काही अडलं तर कुणाला विचारायचं याचा संकोच राहत नाही.