मदत हवी आहे: इन्चार्ज सिस्टर व्हावं की बेडसाइडलाच रहावं?

नमस्कार, मी सोलापुरात एका खाजगी हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, ११ वर्षं झाली ड्युटीला. आता मॅट्रननी (नर्सेसच्या प्रमुख) वॉर्डची इन्चार्ज हो म्हणून सांगितलंय, पगार वाढेल, नाइट बंद होतील, घरचे तर खूष आहेत पण माझं मनच लागेना झालंय कारण आमच्या इन्चार्ज सिस्टर दिवसभर ड्युटी रोस्टर, इंडेंट (औषधं-सामानाची मागणी) आणि रजिस्टरमध्येच असतात, पेशंटजवळ उभं रहायला त्यांना वेळच मिळत नाही.

परवा शहराच्या पूर्व भागातल्या एक तेलुगू बोलणाऱ्या आज्जी अ‍ॅडमिट होत्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या, नस सापडेना म्हणून कुणाला हातच लावू देत नव्हत्या. मी शेजारी बसून मोडक्या तेलुगूत बोलले, हात चोळून गरम केला, मग पहिल्याच टोच्याला कॅन्युला (सलाईनसाठीची नळी) गेली. हे मला सोडायचं नाहीये हो!

अनुभव वाढला की पेशंटपासून लांबच जायचं, हीच एक वाट का? एनपीसीसी म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा २ वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स ऐकलाय, त्यात आयसीयूतच काम असतं पण आधी मला २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची डिग्री) करावं लागेल, आणि मुलगी आत्ता तिसरीत आहे.

कुणी हा कोर्स केलाय का? नंतर पोस्ट खरंच मिळते का? आणि ज्या ताई इन्चार्ज झाल्यात त्यांनी सांगा, राउंडला पेशंटशी बोलायला वेळ कसा काढता? मॅट्रनना सोमवारी उत्तर द्यायचंय.