जुनं वॉशिंग मशीन विजेसाठी बदलायचं? आधी गिझरकडे बघा

कोथरूडची गच्ची

आमचं फ्रंट लोड मशीन 13 वर्षांचं, साडेपाच किलोचं. महिनाभर पिळताना एवढं घरघरतंय की खालच्या काकू वर येऊन विचारून गेल्या. दुरुस्तीवाल्याने बेअरिंग गेलंय म्हणून 6,500 सांगितले. दुकानात विचारलं तर विक्रेता म्हणाला, "ताई, जुनं मशीन वीज खातं. 32 हजारांचं नवं घ्या, बिलातच पैसे सुटतील." हे शेवटचं वाक्य मला पटलेलं नाही, म्हणून इथे हिशेब मांडते.

दोन रविवार घरातलं बाकी सगळं बंद करून मीटर वाचला. 40 अंशांवर एक धुणं, 0.8 युनिट. तेवढंच धुणं थंड पाण्यात, 0.2. म्हणजे मोटर नाही, आतला हीटर वीज ओढतो. आमची महिन्याला 17 धुणी होतात. नुसतं बटण थंडवर फिरवलं की 10 युनिटं वाचली. नवं मशीन 40 अंशांवर 0.6 युनिट घेईल असं धरलं तरी महिन्याला साडेतीनच युनिटं सुटतात. दहा रुपये दराने 35 रुपये. 32 हजार कधी फिटायचे?

खरं गरम पाणी न्हाणीघरात जातं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि एका युनिटात 860 असतात. हिवाळ्यात नळाचं पाणी 20 अंश, अंघोळीचं 40, बादली 20 लिटरची: 400 किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ अर्धं युनिट. चार माणसांचं रोज दोन, महिन्याला 60. लेक शॉवरखाली दहा मिनिटं उभी राहते तेव्हा मिनिटाला आठ-दहा लिटर जातात, म्हणजे तिच्या एकटीच्या चार-पाच बादल्या.

आमच्याकडे गिझर पहाटे पाचला लागायचा तो शेवटची अंघोळ होईतो चालू. पाणी इतकं कढत की अर्धी बादली विसण घालायचं. आता त्याचा खटका 50 वर आणलाय. 15 लिटरचा, 2,000 वॅटचा गिझर तेवढं पाणी सोळा-सतरा मिनिटांत तापवतो, तेव्हा वीस मिनिटं आधी लावतो आणि अंघोळी पाठोपाठ उरकतो. माझं म्हणणं एवढंच: मशीन दुरुस्त करा, थंड पाण्यात धुवा, आणि पैसे खर्चायचेच असतील तर गरम पाण्याच्या सोयीवर खर्चा.

वाघोली टँकर लाइन

ताई, तुमच्या हिशेबात पाण्याला किंमतच नाही. तुमचं फ्रंट लोड आहे म्हणून हे चाललं. आमचं टॉप लोड होतं, एका धुण्याला 130 लिटर. मोरीत नळी सोडून बादल्यांनी मोजलंय. नवं फ्रंट लोड 50-55 मध्ये भागवतं. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आमची सोसायटी टँकर विकत घेते आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये आमच्याच माथी येतो. महिन्याला 15 धुणी धरा, हजार लिटरच्या वर पाणी वाचतं. जुनं टॉप लोड दुरुस्त करत बसा, हा सल्ला आमच्यासारख्यांना देऊ नका. मी बदललं ते बरोबरच केलं.

नाशिक दुरुस्ती

अठ्ठावीस वर्षं हेच काम करतोय. ताईंचं निम्मं बरोबर. जुन्या मशीनचा टब स्क्रूंनी जोडलेला असतो, उघडून बेअरिंग आणि सील बदलता येतं. हल्लीच्या बऱ्याच मशीनांचा टब वेल्ड केलेला येतो, बेअरिंग गेलं की अख्खा टब घ्या. म्हणून चांगलं जुनं मशीन मी सहसा टाकू देत नाही.

पण 6,500 देण्याआधी एक बघा. ड्रमच्या मागे तीन पायांचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पायडर असतो, ड्रमचा सगळा भार त्यावर. बोअरचं जड पाणी आणि साबण त्याला वर्षानुवर्षं पोखरतात. रिकामा ड्रम आतून धरून वर-खाली हलवा. नुसता खेळ जाणवला तर बेअरिंग. फिरवताना एका बाजूला रबराला घासत वाकडा फिरत असेल तर स्पायडर तडकलाय, मग पैसे घालू नका.

आणि कायम थंड पाणी हे मला पटत नाही. साबणाचा चिकटा टबामागे बसतो, कपड्यांना कुबट वास येतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन लिंबूसत्व घालून 60 अंशांवर चालवा, हीटरवरचा खारही सुटेल.

दोन लेकरांची आई

थंड पाण्याचा आग्रह मलाही खटकला. माझ्या धाकट्याला दमा आहे. धुळीतले किडे मरायला चादरी, अभ्रे 60 अंशांवर धुवावे लागतात, थंड पाण्यात ते नुसते भिजतात. बाळाच्या लंगोटांचंही तेच. त्या धुण्याला युनिटभर वीज गेली तरी मी ती मोजणार नाही.

डोंबिवली पश्चिम

पिळण्याचं कुणीच बोललं नाही. जुलैत आमच्या खिडकीबाहेरच्या दोरीवर कपडे तीन-तीन दिवस ओले. जुनं मशीन पिळताना मिनिटाला 800 फेऱ्यांचं, नवं 1,400 चं. आता पंख्याखाली एका रात्रीत वाळतात. पूर्वी ओल घालवायला इस्त्री फिरवत बसायचो, ती वीजही धरा की.

आणि गरम पाण्याची एवढी चिंता असेल तर सरळ गॅस गिझर बसवा. विजेपेक्षा स्वस्त पडतो.

कोथरूडची गच्ची

डोंबिवली, गॅस गिझरचं कृपा करून असं सहज सुचवू नका. बंद न्हाणीघरात तो हवेतला प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस अंघोळ करता करता खाली बसतो आणि उठतच नाही. आमच्या नात्यात असं एक तरुण मूल गेलंय. बसवायचाच तर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत, नाहीतर नकोच.

वाघोलीकर, पाण्याचं तुमचं मान्य. टॉप लोडवाल्यांनी माझा हिशेब घेऊ नये, हे मी आधीच लिहायला हवं होतं. आई, चादरींचंही मान्य. पण चादरी आठवड्यातून एकदा, बाकी तीन धुणी ऑफिसच्या शर्टांची आणि घामाची. त्यांना 40 अंश कशाला? उलट दुधाचे, रक्ताचे डाग गरम पाण्यात पक्के बसतात, ते थंड पाण्यातच आधी काढावे लागतात.

सौर छप्पर, सांगली

गरम पाण्याच्या सोयीवर खर्चा म्हणालात, पण काय ते सांगितलंच नाही. आमच्या बैठ्या घरावर 100 लिटरचा सौरबंब आहे, पावसाळा सोडला तर गिझर लागतच नाही. पुण्यात महापालिका यासाठी मिळकतकरातही सवलत देते. फक्त पाइप लांब नको. अर्ध्या इंची पाइपात दहा मीटरला लिटर-दोन लिटर गार पाणी साचतं, ते आधी मोरीत न सोडता बादलीत धरा.

वाघोली टँकर लाइन

अकरा मजली इमारतीत 120 घरांना ती गच्ची कशी पुरायची? सौर खालच्या मजल्यांपर्यंत पोचत नाही, मशीन मात्र प्रत्येकाच्या हातातलं आहे.

कोथरूडची गच्ची

आमची इमारत चार मजली आहे, गच्ची मोकळी. येत्या सभेत विषय मांडणार आहे. ड्रम आत्ताच हलवून पाहिला: खेळ आहे, पण रबराला घासत नाही. नाशिककर, शनिवारी दुरुस्तीवाला मशीन उघडेल तेव्हा मी तिथेच उभी राहीन. स्पायडर शाबूत निघाला तर 6,500 देते. तडकलेला निघाला तर नवं घेईन, पण ते तुम्ही सांगितलेल्या कारणासाठी. बिलात पैसे सुटतात म्हणून नाही.