पायडलवाल्या फिशिंग कयाकमध्ये कंबर धरते, उपाय सुचवा

खाडीवेडा (ह्यूस्टन)

नमस्कार मंडळी,

वय ४७, उंची ५ फूट ७ इंच. दोन वर्षं साध्या वल्ह्याच्या कयाकमधून मासेमारी केली, मग खांदे कुरकुरायला लागले म्हणून गेल्या वर्षी होबी कंपनीची पायाने चालवायची आउटबॅक कयाक घेतली, पावणेतेरा फुटी. पायडलचं सुख काय ते आता कळलं. दोन्ही हात मोकळे, ओहोटीच्या धारेतही हळूहळू पाय मारत एका जागी थांबता येतं, कालवांच्या खडकांच्या कडेकडेने गळ टाकत जाता येतं.

पण दीड-दोन तास झाले की कमरेत खाली, उजव्या बाजूला ठणका लागतो. मागच्या शनिवारी ख्रिसमस बेला सहा तास होतो. रविवारी सकाळी वाकून मोजे घालता येईनात. डॉक्टरांनी तपासलं, स्नायूंचं दुखणं आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि कयाक बंद करा असा सल्ला दिला. ते माझ्याच्याने होणार नाही. आठवडाभर मी त्या शनिवारच्या आशेवर काम करतो.

जेलची गादी घेऊ का? कमरेचा पट्टा? की सीटच बदलू? ज्यांना हा त्रास होऊन गेलाय त्यांनी कृपया लिहा.

दर्यावर्दी (टॅम्पा)

थांबा, काहीही विकत घेऊ नका. आधी पायडलचं अंतर बघा.

पाय पूर्ण पुढे रेटल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. बहुतेक जण पायडल लांब ठेवतात, कारण पाय ताणले की बरं वाटतं. मग होतं काय, शेवटचे दोन-तीन इंच गाठायला प्रत्येक वेळी कुल्ला पुढे सरकतो. एकदा डावा, एकदा उजवा. तासाला हजारो वेळा कंबर अशी डुलली तर ती दुखणारच. उलट पायडल फार जवळ असलं तर गुडघे छातीकडे येतात, माकडहाड पुढे घसरतं आणि पाठीची कमान होते. तेही वाईटच.

घरी बसून हे जमत नाही, नावेच्या तळाखाली पायडलने हलणारे फिन (पाणी रेटणारे पंख) असतात. नाव धक्क्याला दोरीने बांधा, पाण्यात बसा आणि मागून कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. पायडल मारताना चड्डीची कंबरपट्टी हलता कामा नये. बूट मात्र नेहमीचेच घाला, जाड तळव्याने अंतर बदलतं.

आणि एक, तुमचं उजवीकडेच दुखतंय ना? दोन्ही पायडलं एकाच आकड्यावर आहेत का ते बघा. ती वेगवेगळी लावावी लागतात, एक चुकून पुढे-मागे राहतं.

गळपट्टू

जेलच्या गादीबद्दल माझा अनुभव. मी दीड इंची घेतली होती. बसायला मऊ, पण तेवढ्याने बसणं उंच झालं आणि नाव डुचमळायला लागली. तोल सांभाळण्यात दिवसभर कंबर ताठ. दुसऱ्या फेरीनंतर काढून टाकली.

सुहासिनी_फिजिओ (पुणे)

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. कयाक चालवलेली नाही, पण अशा कमरा रोज बघते. आधी काही विचारते. कळ गुडघ्याच्या खाली जाते का? पायात मुंग्या, बधिरपणा, पाऊल उचलताना लुळेपणा? बैठकीच्या जागी बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काही कधीही झालं तर इथल्या उत्तरांची वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.

दुसरं महत्त्वाचं: दुखणं नेमकं *कधी* पकडतं? पाण्यात, उतरताना, की घरी गेल्यावर? नीट आठवून सांगा.

निळाशार

फिरकीच्या पायडलचा विचार केलात का? ओल्ड टाउन, नेटिव्ह या कंपन्यांच्या, खाली फिरता पंखा (प्रोपेलर) असलेल्या नावा. होबीचा मिराज ड्राइव्ह, म्हणजे तुमच्या नावेतली पायडलची यंत्रणा, १९९७ पासूनचा, त्यात पाय आळीपाळीने पुढे-मागे जातात. पंख्याच्या नावेत सायकलसारखे गोल फिरतात, म्हणजे गुडघा जास्त वर येतो. माझा खुबा आखडलेला आहे, मला ते जमलं नाही. मित्राला मात्र तेच सोयीचं वाटतं. नाव बदलण्याआधी दोन तास भाड्याने घेऊन बघा.

खाडीवेडा

सगळ्यांचे आभार. दर्यावर्दी, तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता गॅरेजमध्ये जाऊन बघून आलो. डावं ४ वर, उजवं ५ वर! वर्षभर असाच चालवत होतो.

सुहासिनीताई, कळ पायात जात नाही, मुंग्या नाहीत. आणि तुमच्या प्रश्नावर विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पाण्यात असतो तो ठणका, सहन होण्यासारखा. खरी उसण भरली ती धक्क्यावर. ऊन चढलं होतं, घाईत होतो, नावेतून उतरलो आणि तसाच वाकून नाव गाडीच्या टपावर चढवली. तिथे चमक आली. मग सव्वा तास गाडी चालवत घरी.

सुहासिनी_फिजिओ

हेच ऐकायचं होतं.

माणूस वाकून तासन्‌तास बसला की मणक्यांना मागून धरून ठेवणारे बंध हळूहळू ताणले जातात, सैल पडतात. उभं राहिल्याबरोबर ते पूर्ववत होत नाहीत, वेळ लागतो. त्या अवस्थेत वाकून वजन उचलणं सगळ्यात धोक्याचं. म्हणून किनाऱ्याला लागल्यावर पहिली दहा मिनिटं काहीही उचलायचं नाही. चाला, पाणी प्या, कमरेवर हात ठेवून दहा वेळा हलकेच मागे झुका.

पाण्यात दर वीस-पंचवीस मिनिटांनी बैठक मोडा. पायडल थांबवून पार्श्वभाग सीटच्या मागच्या टोकाला नेऊन परत बसा, पाठ ताठ करून हात वर ताणा. पाच मिनिटं वल्हं मारलंत तरी चालेल, कमरेला वेगळी हालचाल मिळते. सीटला कमरेचा आधार असेल तर तो पोटाच्या घडीच्या उंचीला आला पाहिजे, पाठीच्या मधोमध नको.

पट्टा उसण भरलेली असताना चार दिवस ठीक, रोज नको. घरी मांडीच्या मागचे स्नायू आणि खुब्याचा पुढचा भाग ताणा. रांगत्या स्थितीत उजवा हात व डावा पाय, मग उलट, असे सरळ करून दहा-दहा सेकंद धरा. कुशीवरचा प्लँकही करा. दुखणं उतरल्यावरच, आधी नाही.

आणि सामान कुठे ठेवता? मागे वळून घ्यावं लागतं का?

दर्यावर्दी

ताईंचा शेवटचा प्रश्न लाखमोलाचा. मागच्या खोक्यातून आमिष काढायला आपण दर पाच मिनिटांनी पिळा घेतो. लागणारं सगळं पुढे, मांडीजवळ. गळ टाकतानाही तेच. कंबर वळवू नका, सुकाणूने नाव वळवा आणि समोर टाका.

रापणकर (मालवण)

मी कयाकवाला नाही, पण नाव उचलण्यावरून राहवलं नाही. आमच्याकडे वाळूवर होडी चढवताना खाली ओंडके घालतात. होडी ओढायची असते, उचलायची नसते. तुमच्या त्या नावेचं वजन किती?

खाडीवेडा

सीट, ड्राइव्ह धरून साधारण ४७ किलो. बॅटरी, खोकं, बर्फ मिळून ५५ च्या वर जात असेल.

रापणकर

आणि ती एकट्याने टपावर? साहेब, सीट-बिट सगळं आधी काढा. वाळूत न रुतणारी जाड फुग्याची चाकं मिळतात तुमच्याकडे, ती घ्या. टपावर चढवायचीच तर आधी एक टोक टेकवा, मग मागून रेटा. अर्धंच वजन हातात येतं. गुडघ्यात वाका.

खाडीवेडा (पाच आठवड्यांनी)

सांगायला आलो. तीन आठवडे पूर्ण विश्रांती आणि ताईंचे व्यायाम, मग दोन फेऱ्या. दोन्ही पायडलं ४ वर. खोकं मागून काढून पुढे छोटी पिशवी केली. घड्याळात पंचवीस मिनिटांचा गजर लावला. पहिल्या फेरीत तो वाजला तेव्हा नेमका मासा लागला होता, तरी नंतर उठून बसलो. रेडफिश होता, २४ इंची, म्हणजे टेक्ससच्या २० ते २८ इंचांच्या नियमात बसणारा. घरी आला.

ठणका पूर्ण गेलेला नाही. चार तासांनंतर उजव्या खुब्यात जाणवतो. पण दुसऱ्या दिवशी मोजे स्वतः घातले. किनाऱ्यावर दहा मिनिटं फिरतो तेव्हा बायको फोनवर विचारते, निघालास का? तिला सांगितलंय, दहा मिनिटं उशीर होणारच.

चाकं घेतली. टपाचा प्रश्न मात्र आहेच, गाडी उंच आहे. दर्यावर्दी, तुम्ही ट्रेलर वापरता असं मागे कुठेतरी वाचलं होतं. एका नावेसाठी कमी उंचीचा, जुना चालेल असा, घेताना काय काय बघू?