इलेक्ट्रिक गाडीवर रोज कामाला जाणाऱ्यांनो, खरं काय ते सांगा (सातारा आणि आसपास)

शाहूपुरीची ताई

नमस्कार मंडळी. राहते शाहूपुरीत, नोकरी कोरेगावला. जाऊन येऊन ४० किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस. गाडी नऊ वर्षांची झालीय, बेचाळीसच्या वर ॲव्हरेज देत नाही आणि पेट्रोल १०४ च्या पुढं, म्हणजे महिन्याला चोवीसशे रुपये नुसते टाकीत ओतते, ऑइल-सर्व्हिसिंग वेगळंच. मुलगा म्हणतो इलेक्ट्रिक घे, आमचे हे म्हणतात बॅटरी गेली की गाडी भंगारात. शोरूमला गेले तर तिथला पोरगा गाडी रिव्हर्स कशी जाते आणि त्यात गाणी कशी वाजतात हेच दाखवत बसला, मी विचारलं संगम माहुली सोडून पुढं लाईटच नसली तर काय, तर म्हणे मॅडम ॲपमध्ये सगळं कळतं.

तर ज्यांनी किमान दोन पावसाळे काढलेत त्यांनी आधी लिहा. ज्यांना घेऊन पंधराच दिवस झालेत त्यांनी कंदी पेढे द्या, अनुभव नंतर लिहा.

चिमणपुरा ते एमआयडीसी

ताई माझं ऐका आणि माझ्यासारखं करू नका. मी २०२२ ला ती बिननंबरची घेतली, २५ च्या स्पीडवाली, २५० वॅटची मोटर, लायसन नको पासिंग नको, स्वस्त पडली म्हणून लय खूश. जाताना काय, चिमणपुऱ्यातनं एमआयडीसीपर्यंत सगळा उतारच, गाडी सुसाट. संध्याकाळी येताना कळायचं. पोवई नाक्यापासनं वर राजवाड्याकडं यायला लागलो की चालत जाणारी माणसं मला गाठायची आणि मागं मंडळी बसली की त्या म्हणायच्या उतरू का मी. त्यात लेड ॲसिडच्या पाच बॅटऱ्या होत्या, चौदाव्या महिन्यात एक बसली. एक बसली की बाकीच्यांना पण ओढते, दुकानदार म्हणाला पाचही बदला. पंधरा हजार. वॉरंटी विचारली तर बारा महिन्यांचीच.

मग ती विकली (विकली म्हणजे पाव्हण्याला दिली, पैसे अजून यायचेत) आणि लिथियमवाली, हिरव्या नंबरप्लेटची रीतसर गाडी घेतली. आता तीन वर्षं होत आली त्या सगळ्या प्रकाराला पण मंडळी अजून चढाला विचारतात, उतरू का.

यवतेश्वर घाटातला

मी कास रोडला एका हॉटेलात कामाला आहे. राहायला समर्थ मंदिराजवळ. म्हणजे रोज घाट चढायचा आणि रात्री उतरायचा, आणि पावसाळ्यात धुकं असं की पुढची एसटी फक्त ऐकू येते.

रेंजचं सगळे विचारतात म्हणून सांगतो. सपाटीवर किलोमीटरला एक टक्का जातो असं धरा, माझी बॅटरी तीन किलोवॅट-अवरच्या (म्हणजे तीन युनिटच्या) आसपासची आहे. घाट चढून हॉटेलपर्यंत सात-आठ किलोमीटरला पंधरा ते सोळा टक्के. उतरताना एक टक्का, कधी तेवढापण नाही, कारण थ्रॉटल सोडलं की मोटर उलटं काम करते आणि थोडी वीज परत बॅटरीत भरते. ह्याला ते रिजन म्हणतात.

आता गंमत. पहिल्या आठवड्यात मी हॉटेलवरच गाडी लावून ठेवली, फुल्ल शंभर केली आणि रात्री निघालो. पहिल्याच उताराला थ्रॉटल सोडलं तर गाडी थांबायचं नावच घेईना, उलट पळायला लागली. रोज थ्रॉटल सोडलं की आपोआप ओढ लागायची, त्या दिवशी काहीच नाही. घाबरून ब्रेक दाबत दाबत खाली आलो, समर्थ मंदिरापाशी थांबलो तर डिस्कचा असा जळका वास. नंतर समजलं, बॅटरी आधीच गच्च भरलेली असली तर परत येणारी वीज ठेवणार कुठं, मग रिजन बंदच होतं. पेट्रोल गाडीला असला प्रकार नसतो, तिथं इंजिनचा गिअर ओढून धरतो. तेव्हापासून वर ८५ ला चार्जिंग काढतो. ज्यांचं घर किंवा काम उंचावर आहे त्यांनी एवढं एक डोक्यात ठेवा.

सदरबझार, तिसरा मजला

गाडीबद्दल काही तक्रार नाही. तक्रार माणसांबद्दल आहे.

मे २०२३ ला घाईनं घेतली कारण १ जूनपासून केंद्र सरकारच्या फेम-२ योजनेचं इलेक्ट्रिक गाड्यांवरचं अनुदान दर किलोवॅट-अवरला १५ हजारावरून १० हजारावर येणार होतं आणि गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत मिळायचं ते १५ टक्क्यांवर. त्या घाईत चार्जिंग करायचं कुठं हा विचारच नाही केला. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एकच सॉकेट, तो पण कॉमन मीटरवर. दोन दिवस लावली, तिसऱ्या दिवशी सॉकेटवर चिकटपट्टी. मीटिंगला एक काका उभे राहून म्हणाले रात्री स्फोट झाला तर जबाबदार कोण, दुसऱ्या काकू म्हणाल्या आमच्या मेंटेनन्सच्या पैशांवर यांची गाडी पळते. वीस युनिटचा प्रश्न हो! मी म्हटलं महिन्याला पाचशे देतो, तर म्हणे प्रश्न पैशांचा नाही. मग कसला आहे ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही.

चार महिने तिसऱ्या मजल्यावरनं एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडला, हे अजिबात करू नका, एकदा प्लग हाताला चटका बसेल इतका गरम झालेला. शेवटी माझ्या मीटरवरनं खालपर्यंत स्वतंत्र वायर ओढून कुलुपाचा डबा बसवला, साडेआठ हजार गेले. आता तेच काका विचारतात, माझ्या सुनेला घ्यायचीय, तुमच्या डब्यात अजून एक सॉकेट बसेल का.

शाहूपुरीची ताई

अहो माझं घर बैठं आहे, तेवढं बरं म्हणायचं. अंगणात सॉकेट आहे पण तो मिक्सर-इस्त्रीसारखाच साधा. चालेल का?

सांगलीवाला

सातारकरांच्या धाग्यात घुसतोय, राग मानू नका, भडंग पाठवतो. आमच्याकडं चढ म्हणजे उड्डाणपूल. विश्रामबाग ते मिरज रोज जातोय, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, गाडीला अडीच वर्षं झाली, २३ हजार किलोमीटर. खर्च सांगतो, एकदा मागचा टायर, दोनदा ब्रेक पॅड, बास. नवीन होती तेव्हा ९५ जायची, आता ८६-८७ जाते. शोरूमच्या कागदावर १३० लिहिलं होतं ते आमच्या पोराच्या रिझल्टसारखं, छापील वेगळं आणि पदरात पडतं ते वेगळं.

पण आमच्या गावाला एक वेगळीच बाब आहे. कृष्णेला पाणी चढायला लागलं की आयर्विन पुलावर ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत शेंबड्या पोराला पाठ असतं. भाऊ राहतो दत्तनगरला. पाणी यायच्या आधी तिकडची लाईट बंद करतात, करायलाच पाहिजे. मग पेट्रोल गाडीवाला बाटलीत दोन लिटर घेऊन ठेवतो, आपण काय बाटलीत भरणार? म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेतनं पाणी सोडल्याची बातमी आली की मी आधी दोन्ही गाड्या फुल्ल करून घेतो, मग भावाचं सामान आणायला जातो. आणि पाण्यात गाडी घालू नका. पावसात चालते, चार इंच साठलेल्यातनं जाते, पण गुडघाभर पाण्यात उभी राहिलेली गाडी घेऊन मित्र सर्व्हिसला गेला तर वॉरंटीत बसत नाही म्हणून सांगितलं.

वायरमन दादा

ताई तुमच्या साध्या सॉकेटचं उत्तर. बऱ्याच स्कूटरचे चार्जर हजार वॅटच्या आतले असतात, मिक्सरपेक्षा थोडे जास्त, त्यामुळं वायर चांगली असेल तर जळायचं कारण नाही. पण मिक्सर पाच मिनिटं चालतो, चार्जर पाच तास. जुना सैल सॉकेट असेल तर तिथंच गरम होतो. १६ अँपिअरचा सॉकेट, अडीच एमएमची वायर आणि त्याला वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडतो तो स्विच), एवढं करून घ्या. त्याहून महत्त्वाचं अर्थिंग. निम्म्या जुन्या घरात तिसऱ्या भोकात नुसती वायर सोडलेली असते, पुढं कुठंच जोडलेली नसते. काही चार्जर अर्थिंग नसलं की चालूच होत नाहीत आणि लोक म्हणतात गाडी बिघडली.

आता बिल. ४० किलोमीटरचे २४ दिवस म्हणजे ९६० किलोमीटर, किलोमीटरला ३० वॅट-अवर धरले तर २९ युनिट, चार्जरमध्ये वाया जातात ते धरून ३३. ह्यात शोरूमवाले हुशारी करतात, सगळ्यात खालचा दर लावतात. तुमच्या घराचं आत्ताच ९० युनिट येत असेल तर गाडीचे बरेचसे युनिट शंभरच्या वर जाणार, आणि तिथला दर दुपटीच्या आसपास आहे. सगळे आकार-शुल्क धरून १४ रुपये पकडा, ४६० रुपये झाले. तरी चोवीसशेच्या पुढं काहीच नाही. फक्त "दहा पैसे किलोमीटर" सांगणाऱ्याला हात जोडा.

आण्णा (रिटायर, पण मुलगी वापरते)

सगळं गोड लिहू नका म्हणून लिहितो. मुलीची गाडी एका सकाळी चालूच होईना, स्क्रीन काळी. सातारचं सर्व्हिस सेंटर मधल्या काळात बंद पडलेलं, आम्हाला कळवलं पण नव्हतं, बोर्ड तेवढा होता. टेम्पोत घालून पुण्याला. पार्ट नाही म्हणून २६ दिवस गाडी तिकडं. बिघाड काय तर आतली छोटी १२ व्होल्टची बॅटरी आणि एक कंट्रोलरचा भाग, वॉरंटीत झालं, पैसा लागला नाही, पण २६ दिवस रिक्षा आणि वडापचे कोण देणार? पेट्रोल गाडी असती तर आमच्या पेठेतल्या मिस्त्रीनं बिडी संपायच्या आत चालू केली असती. त्याला ह्या गाडीला हात लाव म्हटलं तर तो दोन्ही हात मागं घेतो.

कंपनी कुठली विचारू नका. ॲव्हरेज, रेंज सगळं नंतर बघा ताई, आधी सर्व्हिस सेंटरला जाऊन बाहेर उभं राहा अर्धा तास. धूळ खात पडलेल्या गाड्या किती आहेत ते मोजा.

पॅडलवाला मास्तर

माझी ई-सायकल आहे, शाळा तीन किलोमीटरवर. चढाला मोटर, सपाटीला पाय. ताईंच्या ४० किलोमीटरला उपयोग नाही पण शहरातल्या शहरात जाणाऱ्यांनी बघा. पोरं हसतात, हसू देत.

शाहूपुरीची ताई

सगळ्यांचे आभार. आण्णांचं ऐकून दोन सर्व्हिस सेंटरच्या बाहेर खरंच उभी राहिले. एकीकडं अकरा गाड्या, त्यातल्या चारांच्या सीटवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. दुसरीकडं तीन गाड्या आणि तिन्हींवर माणूस काम करत होता. दुसरीकडची टेस्ट राइड घेतली, कोरेगाव रोडला जाऊन आले, तिथल्या पोराला मागं बसवूनच नेलं, चढाला मी एकदाही "उतरतोस का" विचारलं नाही. कोरेगावला ऑफिसच्या मागं सॉकेट आहे, पण साहेबांना विचारलं नाही अजून, जाऊन-येऊन ४० च आहे तर गरजही पडू नये.

दसऱ्याला घ्यायचं ठरतंय. जुनी गाडी विकत नाहीये, हे वापरतील, आणि सव्वीस दिवसांची पाळी आली तर मी.

वायरमन येत्या रविवारी अर्थिंगला येतोय. खड्ड्यासाठी कोळसा आणि दहा किलो खडेमीठ आणून ठेवा म्हणाला. मीठ ओट्याखाली ठेवलंय तर सासूबाई सकाळपासून विचारतायत, एवढं लोणचं कुणाच्या लग्नाचं घालतेस.