मदत हवी आहे: ६९ची शेव्हेल एसएस ३९६. क्राउन-पिनियन ३.३१च ठेवू, ३.७३ करू की थेट ४.१०?

वुडवर्डकर

नमस्कार मंडळी. इथे जुन्या गाड्यांचे जाणकार बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय. डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. गाडी १९६९ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६. इंजिन एल३५, म्हणजे त्या वर्षीच्या एसएस ३९६ मधलं सगळ्यात सौम्य: ४८०० आरपीएमला ३२५ अश्वशक्ती, ३२०० ला ४१० पौंड-फूट टॉर्क. गिअरबॉक्स तीन गिअरचा ऑटोमॅटिक, टर्बो हायड्रामॅटिक ४०० (टीएच४००). मागे १२-बोल्ट एक्सल, पॉझीट्रॅक्शनसह (म्हणजे दोन्ही चाकांना जोर मिळतो). टायर २३५/६०आर१५, उंची साधारण २६ इंच.

आधीच्या मालकाने क्राउन-पिनियनचं, म्हणजे एक्सलमधल्या गिअरचं, प्रमाण ३.३१ सांगितलं होतं (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे ३.३१ फेरे), पण तोंडी शब्दावर पैसे कोण खर्च करणार? मागची दोन्ही चाकं स्टँडवर घेतली, गाडी न्यूट्रलला टाकली, प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारली आणि चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवलं. शाफ्टचे तीन फेरे झाले आणि वर तिसऱ्या हिश्श्याला किंचित कमी. म्हणजे ३.३१ खरंच आहे.

वापर: शनिवारी संध्याकाळी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर सिग्नल ते सिग्नल, ऑगस्टात ड्रीम क्रूझ ही जुन्या गाड्यांची मिरवणूक (तिथे तर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात), आणि उन्हाळ्यात आय-७५ ने वर मॅकिनॉपर्यंत. मार्टिनच्या यूएस-१३१ ड्रॅगस्ट्रिपवर हौसेखातर कधीतरी.

तक्रारी दोन. सिग्नलला गाडी जडपणे उठते, ३९६ चा बिल्ला लावून फिरायला लाज वाटावी इतकी. आणि हायवेला ताशी ७० मैलांवर, म्हणजे ११३ किमीला, इंजिन ३००० वर गुरगुरत असतं. बायको म्हणते, "तुझ्याशी बोलायचं तर फोन करावा लागेल, शेजारी बसून."

इथला मेकॅनिक म्हणतो ४.१० टाका, मसल कार म्हणजे ४.१०. एक मित्र म्हणतो ऑटोमॅटिक काढून फेक, मंसी फोर-स्पीड बसव, हाताने गिअर बदलायचा. यंदा खर्च एकाच गोष्टीवर करता येईल, एक्सल किंवा गिअरबॉक्स. काय करावं? आगाऊ धन्यवाद.

कोल्हापुरी_पिस्टन

गाडी बघूनच पोट भरलं. फोटो टाका की राव!

आमच्याकडे आरएक्स १०० चं मागचं स्प्रॉकेट मोठं केलं की पोरं म्हणायची "काय पिकअप आलाय!" आणि पुढच्याच आठवड्यात हायवेला गाडी नुसती बोंबलते म्हणून रडायची. तुमचं ४.१० तेच होणार बघा.

रेंचवाला

कोल्हापूरकरांनी एका ओळीत सांगितलं, मी आकडे मांडतो. ड्राइव्हलाइनचंच काम करतो, त्यामुळे जरा लांबेल.

आधी हायवे. सूत्र सोपं आहे: ताशी मैल गुणिले एक्सलचं प्रमाण गुणिले वरच्या गिअरचं प्रमाण गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचात. तुमच्या गाडीत टॉप गिअर १.०० आहे. ७० मैलांवर ३.३१ ला २९९४ आरपीएम, ३.७३ ला ३३७४, आणि ४.१० ला ३७०९. यावर कन्व्हर्टरची (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा भाग) घसर वेगळी, कारण टीएच४०० च्या कन्व्हर्टरला लॉक-अप, म्हणजे थेट जोडून घसर थांबवायची सोय, नाही. म्हणजे ४.१० टाकून मॅकिनॉला गेलात तर चार तास कानात ३८०० ची घरघर. वहिनी फोनही उचलणार नाहीत.

आता सिग्नल. गाडी कशी उठते ते एकट्या एक्सलवर ठरत नाही. पहिला गिअर गुणिले एक्सल, हा गुणाकार बघा. टीएच४०० चे गिअर २.४८, १.४८, १.००. तर तुमचा गुणाकार २.४८ × ३.३१ = ८.२१. ३.७३ केलं तर ९.२५, ४.१० केलं तर १०.१७. रस्त्यावरच्या मोठ्या व्ही८ ला नऊ-दहाच्या आसपास मजा येते. त्यापुढे २३५ च्या टायरवर नुसता धूर निघतो, गाडी जागची हलत नाही. ४१० पौंड-फूट टॉर्क, तोही ऑटोमॅटिकमध्ये, जिथे कन्व्हर्टर उठताना आणखी जवळपास दुप्पट करतो.

राहिली ड्रॅगस्ट्रिप. पाव मैलाच्या शेवटी तुमची गाडी किती वेगाने जाते? शर्यतीनंतर मिळणाऱ्या स्लिपवर असेल.

वुडवर्डकर

स्लिप जपून ठेवलीय. ट्रॅप स्पीड ९६.

रेंचवाला

वा, मग बघा. ९६ मैलांना ३.३१ वर इंजिन ४१०० ला आहे. तुमच्या एल३५ ची ताकद ४८०० ला येते, म्हणजे शर्यत संपली तरी इंजिन अजून शिखरावर पोचलेलंच नाही. ३.७३ ला ४६२७, वर कन्व्हर्टरची थोडी घसर धरा, बरोबर ४८०० च्या घरात. ४.१० ला ५०८६ अधिक घसर, म्हणजे शिखर ओलांडून उताराला लागलेलं. थोडक्यात, पट्टीवरसुद्धा तुमच्या इंजिनाला ४.१० नकोच आहे.

"मसल कार म्हणजे ४.१०" ही समजूत आली ती ३७५ अश्वशक्तीच्या एल७८ सारख्या इंजिनांवरून. त्याची कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) तापट, ताकद ५६०० ला. त्याला ४.१० शोभतं. दोघांच्या फेंडरवर बिल्ला ३९६ चाच आहे म्हणून क्राउन-पिनियनही एकच कसं असेल?

टेक्सासचे_काका

रेंचवाला, गणित ठीक आहे. पण मसल कारमध्ये ऑटोमॅटिक म्हणजे बिनफोडणीची आमटी! वुडवर्डकर, मित्राचं ऐका. मंसी एम२१ शोधा. हर्स्टचा शिफ्टर (गिअरचा दांडा) हातात आला की हे सगळे आकडे विसराल. माझ्याकडे गेली कित्येक वर्षं आहे.

रेंचवाला

काका, आदर आहे, पण तुमच्या गाडीत एक्सल काय आहे ते सांगा ना.

टेक्सासचे_काका

४.१०. का?

रेंचवाला

तेच म्हणतोय! एम२१ हा क्लोज-रेशो बॉक्स (गिअरांची प्रमाणं एकमेकांच्या जवळ), पहिला गिअर २.२०. ४.१० बरोबर ९.०२ येतात, म्हणून तुमची गाडी छान उठते. हाच बॉक्स वुडवर्डकरांच्या ३.३१ ला लावला तर ७.२८. आत्ताच्या ८.२१ पेक्षाही मरगळलेली, आणि कन्व्हर्टरचा टेकू गेलेला. प्रत्येक सिग्नलला क्लच जाळत निघावं लागेल. मंसी घ्यायचीच तर वाइड-रेशो एम२०, पहिला २.५२. पण त्यातही चौथा १.०० च. हायवेची तक्रार जशीच्या तशी.

क्लोज-रेशोचा फायदा कुठे? एम२१ मध्ये ५५०० ला गिअर बदलला तर दुसऱ्यात इंजिन ४१०० वर येतं, ताकदीच्या पट्ट्यातच राहतं. तापट इंजिनाला ते लागतं. एल३५ ला ३२०० लाच भरपूर टॉर्क आहे, त्याला एवढे लाड नकोत.

टेक्सासचे_काका

बरं बाबा, हरलो. तरी फोडणीचं मत कायम.

शिकाऊ_मेकॅनिक

मध्येच विचारतो, माफ करा. २०१५च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटच्या ऑटोमॅटिकला मागे फक्त २.६२ असतं म्हणे. ७०७ अश्वशक्तीची गाडी आणि एक्सल एखाद्या म्हाताऱ्या सेडानसारखं?

रेंचवाला

चांगला प्रश्न. आठ गिअरचा बॉक्स आहे तो, पहिला ४.७१. गुणाकार करा: १२.३४. आणि आठवा ०.६७, म्हणजे हायवेला इंजिन जवळपास झोपलेलं. गिअर जास्त झाले की एक्सलकडून दोन्ही कामं करून घ्यायची गरज उरत नाही. १९६९ मध्ये हातात तीन किंवा चार गिअर, शेवटचा १.०० ठरलेला. मग एक्सलवरच ठरायचं: सिग्नल की हायवे.

वुडवर्डकर, तुमच्या तक्रारी नेमक्या दोन परस्परविरुद्ध बाजूंच्या आहेत. एक्सल बदलून एकच सुटेल, दुसरी वाढेल. म्हणून माझं मत: यंदा एक्सलला हात लावू नका. ओव्हरड्राइव्हवाला, म्हणजे शेवटचा गिअर १.०० पेक्षा कमी असलेला, गिअरबॉक्स घाला.

वुडवर्डकर

कोणता? ७००आर४ सगळीकडे सहज मिळतो असं दिसतंय.

रेंचवाला

७००आर४ चे गिअर ३.०६, १.६३, १.००, ०.७०. पहिला जबरदस्त, पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना खड्डा मोठा. ५००० ला बदललं तर २६६० वर आपटतं. २००-४आर मध्ये २.७४, १.५७, १.००, ०.६७. तिथे ५००० वरून २८६५, म्हणजे तुमच्या टीएच४०० च्या २९८४ च्या जवळच. चाल ओळखीची राहते.

तुमच्या ३.३१ बरोबर २००-४आर चा गुणाकार ९.०७. म्हणजे सिग्नलला जवळजवळ ३.७३ बसवल्यासारखं. आणि ७० मैलांवर सुमारे २००५ आरपीएम, शिवाय लॉक-अप असल्याने घसर नाही. एका खर्चात दोन्ही तक्रारी. पुढे कधी पैसे जमले आणि ड्रॅगस्ट्रिपचा किडा वळवळला तर ३.७३ करा: पहिला १०.२२, हायवेला २२६०. १२-बोल्टमध्ये ३.३१ आणि ३.७३ एकाच कॅरिअरवर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) बसतात, ४.१० ला कॅरिअर वेगळा लागतो किंवा जाड क्राउन. तोही हिशेब धरा.

अट एक. कारखान्यातून आलेला साधा २००-४आर ४१० पौंड-फूट फार दिवस झेलणार नाही. बिग-ब्लॉकसाठी (३९६ सारख्या मोठ्या व्ही८ साठी) मजबूत केलेलाच घ्या, आणि बनवणाऱ्याला इंजिन कोणतं, गाडीचं वजन किती, ते आधी सांगा. टीएच४०० इतका दणकट तो कधीच होणार नाही, हे मान्य करूनच पुढे जा.

खटारा_प्रेमी

मला ही अटच खटकते. टीएच४०० सारखा न मरणारा बॉक्स काढायचा कशाला? त्यामागे गिअर व्हेंडर्स कंपनीचं ओव्हरड्राइव्ह युनिट लावा, ०.७८ चं. मग ३.७३ करूनही ७० ला २६३० च राहतात.

रेंचवाला

उत्तम पर्याय, खरं तर तांत्रिकदृष्ट्या माझ्यापेक्षा सरस. पण मग युनिटही आणि क्राउन-पिनियनही, दोन्ही खर्च एकाच वर्षी. धागाकर्त्याने एकच सांगितलाय. ४एल८०ई या ऑटोमॅटिक बॉक्सचंही तेच: दणकट आहे, टीएच४०० चाच वंशज, पण त्याला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागतो आणि अंगाने मोठा आहे, गाडीच्या फरशीतल्या बोगद्यात बसवताना पत्र्याशी झटापट होते.

वुडवर्डकर

पटलं. २००-४आर, आणि ३.३१ तसंच. मेकॅनिकला सांगितलं तर त्याचं तोंड वाकडं झालं, म्हणाला "ग्रँड नॅशनलचा बॉक्स शेव्हेलमध्ये?" म्हटलं, टर्बोवाल्या ब्यूइक ग्रँड नॅशनलला चालतो तर आम्हाला का नाही? आता बसवताना काय काय लागेल ते सांगा. प्रोपेलर शाफ्ट कापावा लागेल का?

रेंचवाला

बहुधा नाही. माउंट टीएच४०० च्या जागीच येतो, तोच क्रॉसमेंबर (खालचा आडवा आधार) चालतो. लांबीत अर्ध्या इंचाच्या आसपास फरक आहे, तो स्लिप योक (शाफ्टचं बॉक्समध्ये सरकणारं टोक) सांभाळून घेतो, तरी बसवल्यावर मोजून खात्री करा. योक मात्र बदलावाच लागेल: टीएच४०० चा ३२ स्प्लाइनचा (खाचांचा), २००-४आर चा २७ चा. कन्व्हर्टर लॉक-अपवालाच, आणि लॉक-अप चौथ्या गिअरला लागेल अशी वायरिंग करून घ्या. रेडिएटरच्या कूलरवर भागवू नका, वेगळा ऑइल कूलर लावा. वुडवर्डच्या गर्दीत तेल फार तापतं.

सगळ्यात महत्त्वाची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल. कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलवरून बॉक्समध्ये जाते आणि आतलं तेलाचं प्रेशर तीच ठरवते. तुमच्या इंजिनावर मूळचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर असेल तर नशीबवान आहात, कारण हा बॉक्स कारखान्यातच क्वाड्राजेटबरोबर जोडला जायचा, त्याचे ब्रॅकेट तयार मिळतात. वेगळा कार्ब असेल तर थ्रॉटलच्या आर्मवर केबल नेमकी कुठे अडकवायची त्याचा जोड वेगळा घ्यावा लागतो. केबल ढिली राहिली की प्रेशर कमी, क्लच घसरतात, आणि नवा बॉक्स काही मैलांतच जळतो. प्रेशर गेज लावून सेटिंग तपासल्याशिवाय गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतही नेऊ देऊ नका, मेकॅनिक कितीही म्हणाला तरी.

वुडवर्डकर

कार्ब क्वाड्राजेटच आहे. गेज विकत घेतो. काम झालं की याच धाग्यावर ७० मैलांचा आरपीएम आणि नवी स्लिप टाकतो.

कोल्हापुरी_पिस्टन

आणि फोटो!