ॲन्टिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आणि पक्षाघात: वॉरफरिनऐवजी नव्या गोळ्या चालतील का?

डिचोलीकर
माझ्या 34 वर्षांच्या बहिणीला गेल्या महिन्यात पक्षाघाताचा झटका आला. रक्तदाब नाही, मधुमेह नाही. मात्र यापूर्वी तिचा दोनदा गर्भपात झाल्याचे कळताच बांबोळीच्या डॉक्टरांनी रक्ताच्या विशेष तपासण्या करून घेतल्या आणि ॲन्टिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा आजार असावा असे सांगितले. तपासणी 12 आठवड्यांनी पुन्हा करायची असून तोवर वॉरफरिन सुरू आहे. अहवालात रक्त गोठायला जास्त वेळ लागतो असे असताना रक्त पातळ करण्याचे औषध कशासाठी? आणि सारखे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासावे लागू नये म्हणून नव्या गोळ्या चालतील का?

फोंड्याची रुग्ण
मला हाच आजार आहे, त्यामुळे तुमची काळजी समजते. या आजारात शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडे (ॲन्टिबॉडी) तयार करते. ती परीक्षानळीतल्या फॉस्फोलिपिडांना (रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या स्निग्ध घटकांना) चिकटतात, म्हणून तिथे रक्त उशिरा गोठते. शरीरात मात्र तीच प्रतिपिंडे प्लेटलेट आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चेतवून गुठळ्या घडवतात, आणि अशी गुठळी मेंदूच्या धमनीत अडकली की पक्षाघात होतो. एखाद्या संसर्गानंतरही ही प्रतिपिंडे काही काळ दिसून नाहीशी होतात, म्हणून 12 आठवड्यांनी फेरतपासणी.

गोळी स्वतःहून बदलू नका, ही कळकळीची विनंती. तिन्ही प्रतिपिंड-चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांमध्ये रिव्हरॉक्साबॅन या नव्या गोळीची वॉरफरिनशी तुलना करणारा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या गोळीच्या गटात पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके अधिक आल्यामुळे तो मध्येच थांबवावा लागला होता. धमनीत गुठळी झालेल्यांना म्हणूनच वॉरफरिन देतात आणि आयएनआर बहुधा 2 ते 3 मध्ये राखतात.

पालेभाजी बंद करण्याची गरज नाही, प्रमाण सारखे ठेवावे. श्रावणात आमच्याकडे टायकिळा आणि तांबडी भाजी रोज होऊ लागली, तेव्हा के जीवनसत्त्व वाढून माझा आयएनआर 1.6 वर उतरला होता.

म्हापशातील औषधविक्रेता
अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये. वॉरफरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुन्हा मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण वॉरफरिन गर्भाला घातक ठरू शकते आणि त्या काळात सहसा हेपरिनची इंजेक्शने व कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. आयएनआरची वही पर्समध्ये असू द्यावी. पुन्हा तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला तर 108 ला बोलावताच वॉरफरिन सुरू असल्याचे सांगावे, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि आयएनआर 1.7 च्या वर असल्यास सहसा देत नाहीत.