बदकाच्या मानेचं लाकडी भांडं: कुठलं असेल?

गोदाकाठ

पंचवटीतलं आमचं जुनं घर रिकामं करतोय. माळ्यावरच्या पेटीत आजीच्या लुगड्यांखाली एक लाकडी भांडं निघालं. होडीसारखं लांबट, एका टोकाला बदकाची उंच मान, दुसऱ्या टोकाला आखूड शेपटी. वीतभर लांब, ओंजळभर पाणी मावेल एवढं खोल. बाहेरून काळ्या जमिनीवर सोनेरी पानं, लाल फळांचे घोस, गवताच्या पात्यांसारखे वळणदार फटकारे. आतून सगळं सोनेरी.

लहानपणी आजी यात देवाची फुलं ठेवायची. मी ते सावंतवाडीचं लाखकाम समजत होतो. मागच्या आठवड्यात जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, नॉर्वेचं बिअर प्यायचं भांडं आहे, दीडशे वर्षांचं. आणि लगेच विकत मागू लागला. मला विकायचं नाही, पण ते आमच्या घरी कसं आलं हे कळल्याशिवाय चैन पडत नाहीये. आजी आता ८६ वर्षांची आहे, तिला विचारलं तर "ओझरच्या बाईंनी दिलं" एवढंच म्हणते.

बुडाला पुसट जांभळा शिक्का आहे, त्यात सीसीसीपी अशी अक्षरं लागतात. काठाला कुणीतरी राखेनं घासलंय, तिथलं सोनेरी जाऊन खाली रुपेरी दिसतंय.

लाकूडकाम

दादा, तो रुपेरी पट्टा पाहूनच सांगतो, लाखकाम नाही. लाख घासली की खाली लाकूड दिसतं.

नॉर्वेत पक्ष्याच्या आकाराची छोटी भांडी होती हे खरं. बिअरच्या मोठ्या वाडग्यात ती तरंगत ठेवायचे आणि त्यानंच प्यायचे. व्यापाऱ्याची गफलत तिथं झाली असावी. पण तिकडच्या रंगकामाखाली असा चमकता थर नसतो.

ओझरकर

सीसीसीपी नाही हो, ती रशियन अक्षरं आहेत. दिसतात सी आणि पी, वाचायची स आणि र. म्हणजे सोव्हिएत संघ, तेव्हा १९२२ च्या आधीचं असणं शक्यच नाही.

हे खोखलोमा काम आहे. वोल्गेपलीकडच्या निझनी नोव्हगोरोद प्रांतातलं, सतराव्या शतकापासून चालत आलेलं. गंमत म्हणजे त्यात सोनं औषधालाही नसतं! लिंडनच्या लाकडाला मातीचा लेप देतात, त्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे हात, मग धातूची पूड चोळतात. पूर्वी कथलाची, नंतर अ‍ॅल्युमिनियमची. त्या रुपेरी अंगावर नक्षी काढून वरून वॉर्निश देतात आणि भट्टीत घालतात. उष्णतेनं वॉर्निश पिवळं पडतं आणि रुपेरी ते सोनेरी दिसू लागतं. तुमच्याकडे राखेनं नेमकं ते पिवळं वॉर्निश खरवडलं गेलंय. आकाराला कोव्श म्हणतात, क्वास नावाचं आंबवलेलं पेय किंवा मधाची दारू घ्यायला.

आता ओझर. तिथला मिग विमानांचा कारखाना १९६४ मध्ये सोव्हिएत मदतीनं उभा राहिला. माझे वडील तिथेच होते, रशियन तज्ज्ञ सहकुटुंब यायचे. आमच्याकडे अशाच लाल-काळ्या नक्षीचे चमचे आहेत. आजोबा कारखान्यात होते का?

आणि कृपा करून त्यावर नवं वॉर्निश लावू नका. थिनर, स्पिरिट तर नकोच. ओलसर मऊ फडकं फिरवा, लगेच कोरडं करा.

गोदाकाठ

काका, आजोबा तिथे फिटर होते! १९७१ ला लागले. तुमचा प्रतिसाद वाचून काल भांडं आजीच्या हातात दिलं आणि विचारलं, "त्या बाई रशियन होत्या का गं?" ती म्हणाली, "मग? गोऱ्यापान. तुझ्या बापाच्या बारशाला आल्या होत्या." मग तिनं बदकाची मान मुठीत धरली आणि रांजणातून पाणी काढावं तसा हात खाली नेऊन वर आणला. "त्यांनी असं करून दाखवलं होतं. मला वाटलं, इतकं सुंदर, पाण्यात कशाला घालायचं."

बाबांचा जन्म १९७४ चा. व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलंय. आज सकाळी आजीनं त्यात पुन्हा जास्वंदी ठेवल्या, मी फक्त खाली कोरडं केळीचं पान घातलं.